अवकाशात बंद पडलेल्या सॅटेलाईटचं ओव्हरहॉल होऊ शकतं का?

ओझरच्या एचएएलमध्ये सुखोई ओव्हरहॉलला येतात हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. अख्खं विमान उघडायचं, एकेक भाग काढून तपासायचा, झिजलेला बदलायचा, परत जोडायचं, टेस्ट फ्लाईट घ्यायची आणि मग तेच विमान पुढची कित्येक वर्षं उडतं. हवाई दलाचा ११ नंबरचा बेस रिपेअर डेपोही तिथेच. महागडं मशीन टाकून द्यायचं नसतं, उघडून नीट करायचं असतं, ही गोष्ट या शहरात कुणाला समजवावी लागत नाही, मग ते ओझर असो की सातपूर-अंबडची एमआयडीसी. म्हणून सॅटेलाईटबद्दल वाचताना मला कायम चुटपुट लागायची, की शेकडो कोटी खर्चून वर पाठवलेलं मशीन, ज्याचं बाकी सगळं ठणठणीत आहे, ते एका व्हॉल्व्हपायी नाहीतर इंधन संपलं म्हणून कायमचं सोडून द्यायचं?

२०२० पर्यंत जवळपास तसंच चालायचं. त्यानंतर चित्र बदलायला लागलंय, रोबोट वर जाऊन जुन्या सॅटेलाईटला धरतायत, त्यांचं आयुष्य वाढवतायत. पण यात नेमकं काय जमतं आणि काय अजून जमत नाही हे बातम्यांतून नीट कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी सॅटेलाईट मरतात कशानं ते बघू. गच्चीवर जाऊन आजूबाजूच्या डिश बघा, सिडको असो नाहीतर पंचवटी, सगळ्यांची तोंडं साधारण आग्नेयेच्या अंगाला आहेत. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशावर, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर आहे, आणि पृथ्वी स्वतःभोवती जितक्या वेळात फिरते तितक्याच वेळात तो पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे आपल्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा वाटतो आणि डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही. पण तो आपोआप तिथे राहत नाही. सूर्य आणि चंद्र त्याला ओढत असतात, त्यामुळे त्याची कक्षा वर्षाला पाऊण ते एक अंशानं कलत जाते, शिवाय पृथ्वी काही परफेक्ट गोल नाही त्यामुळे तो पूर्व-पश्चिमही सरकतो. म्हणून दर काही दिवसांनी थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, पेटवून त्याला जागेवर आणावं लागतं. हे सगळं मिळून वर्षाला सेकंदाला ५० मीटर इतका वेग बदलावा लागतो, ऐकायला किरकोळ वाटतं पण १५ वर्षं हेच करत राहायचं म्हटलं की टाकी रिकामी होते. केमिकल इंजिनवाल्या सॅटेलाईटचं निघतानाचं जवळपास निम्मं वजन इंधनाचंच असतं आणि त्यातलं बरंचसं तर जागेवर पोचेपर्यंतच जळून जातं.

आणि इंधन संपत आलं की काय करतात, तर शेवटचं थोडं राखून ठेवतात आणि त्यावर सॅटेलाईट साधारण ३०० किलोमीटर आणखी वर ढकलून देतात, ग्रेव्हयार्ड ऑर्बिटमध्ये, म्हणजे निकामी सॅटेलाईटच्या स्मशान-कक्षेत, त्यामुळे खालची जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते. मग बंद. तेव्हा त्याचे सोलर पॅनल चालू असतात, सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारे ट्रान्सपॉन्डर चालू असतात, बऱ्याचदा बॅटरीसुद्धा ठीक असते. फक्त टाकी रिकामी.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. १९८२ च्या एप्रिलमध्ये इन्सॅट-१ए गेला, सप्टेंबरमध्ये त्याचं दिशा सांभाळण्याचं इंधन संपलं आणि तो सोडून द्यावा लागला, पाच महिन्यांत. २०१३ मध्ये गेलेल्या आयआरएनएसएस-१ए या नेव्हिगेशनच्या सॅटेलाईटमधली तिन्ही रुबिडियम घड्याळं, म्हणजे अणुघड्याळं, बंद पडली, आणि नेव्हिगेशनचं सगळं गणितच घड्याळावर चालतं, त्यामुळे बाकी सॅटेलाईट धडधाकट असून जागा सांगायच्या कामाला तो बाद. आणि २०२५ च्या जानेवारीतला एनव्हीएस-०२, हाही नेव्हिगेशनचाच, श्रीहरीकोट्यावरून झालेलं १०० वं लाँच, रॉकेटनं आपलं काम चोख केलं, पण सॅटेलाईटचे थ्रस्टर पेटवायला ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजनचा साठा) आत सोडणारे व्हॉल्व्ह उघडलेच नाहीत आणि तो लंबगोल कक्षेत अडकून बसला. जमिनीवर असता तर चांगल्या टेक्निशियननं पॅनल उघडून बघितलं असतं. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार गारपिटीच्या भीतीनं मोबाईलवर ढगांचे जे फोटो बघत बसतात ते इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएसचे असतात, त्यामुळे ही काही फक्त शास्त्रज्ञांची हळहळ नाही, वरचं एक मशीन गेलं की खाली खऱ्या माणसांची कामं अडतात.

मग दुरुस्ती का करत नाहीत? केली आहे, आधी माणसांनी केली. १९८४ च्या एप्रिलमध्ये नासाचं चॅलेंजर शटल, माणसं घेऊन वर जाऊन परत येणारं यान, सोलर मॅक्स नावाच्या सॅटेलाईटकडे गेलं. हा सूर्याचा अभ्यास करणारा, १९८० मध्ये सोडलेला. अंतराळवीर जॉर्ज नेल्सन पाठीवर जेटपॅक बांधून त्याच्यापाशी गेला, त्याच्याकडे सॅटेलाईटच्या एका पिनवर बसणारं खास पकडीचं यंत्र होतं, आणि ते बसेचना. परत परत धडकवलं तरी बसेना. नंतर कळलं की त्या पिनच्या शेजारी इन्सुलेशन धरून ठेवणारा एक छोटासा तुकडा होता जो ड्रॉइंगमध्ये दाखवलेलाच नव्हता. एवढ्याशा गोष्टीनं अडवलं. मग नेल्सननं हातानं सोलर पॅनल धरून बघितलं तर सॅटेलाईट आणखीच गरगर फिरायला लागला, खालून कंट्रोलवाल्यांनी मोठ्या मुश्किलीनं तो शांत केला आणि शेवटी शटलच्या रोबोटिक आर्मनं तो पकडला. ज्यांनी ज्यांनी वर्कशॉपमध्ये काम केलंय त्यांना हे चांगलंच माहितीये, ड्रॉइंग एक आणि समोरचा पार्ट दुसराच.

पण या मोहिमेतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. सोलर मॅक्समध्ये दोन कामं करायची होती. पहिलं, दिशा सांभाळणारं मॉड्यूल बदलायचं. हे मॉड्यूल मुळातच असं बनवलेलं की वर गेल्यावर अख्खंच्या अख्खं काढून नवीन बसवता येईल, त्यामुळे ते पटकन झालं. दुसरं काम एका उपकरणाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्याचं, जो कुणी कधी वर उघडेल असं बनवताना कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. बारीक बारीक स्क्रू, आतल्या वायरी, आणि हातात स्पेससूटचे जाडजूड ग्लोव्हज. झालं तेही, पण त्याला फार जपून आणि खूप सरावानं. एकच सॅटेलाईट, एकाच मोहिमेतली दोन कामं, आणि दोन्हीतला फरक फक्त एवढाच की एक भाग बदलता येईल असा बनवला होता आणि दुसरा नव्हता. पुढची ४० वर्षं याच फरकाभोवती फिरतायत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरीनं चुकीच्या कक्षेत अडकलेले दोन सॅटेलाईट, पलापा-बी२ आणि वेस्टार-६, पकडून चक्क जमिनीवर परत आणले. १९९२ मध्ये एन्डेव्हरच्या पहिल्याच उड्डाणात इन्टेलसॅटचा सॅटेलाईट खास बनवलेल्या दांड्यानं पकडायचा प्रयत्न दोनदा फसला, शेवटी तीन अंतराळवीर एकदम बाहेर गेले आणि त्यांनी चार टनाचं ते धूड हातांनी धरलं. हबल टेलिस्कोपची दुरुस्ती तर १९९३ ते २००९ मध्ये पाच वेळा झाली आणि हबल अजून चालू आहे, कारण त्याला पहिल्यापासून हँडल होती, दारं होती, बदलता येतील अशी उपकरणं होती.

पण शटल जायचं ते साधारण ६०० किलोमीटरपर्यंत. डिशवाले सॅटेलाईट ३६ हजारावर. तिथे दुरुस्तीसाठी माणूस पाठवणं आजही कुणाच्या आवाक्यात नाही, रेडिएशन आहे, खर्च आहे, जीवाचा धोका आहे. आणि शटल २०११ मध्ये रिटायरच झालं. म्हणून रोबोट.

आता रोबोटच्या कामातला पहिला प्रॉब्लेम, नुसतं जवळ जाणं. कमी उंचीच्या कक्षेत सॅटेलाईट सेकंदाला साडेसात किलोमीटर जातो, त्या वेगानं नाशिकहून मुंबई वीस-पंचवीस सेकंदात येईल. अर्थात दोघंही तितक्याच वेगानं एकाच दिशेनं जात असले तर एकमेकांच्या हिशोबानं ते स्थिरच, त्यामुळे वेग हा खरा प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम असा की कक्षेत आपलं जमिनीवरचं डोकं चालतच नाही. समजा तुम्ही दुसऱ्या सॅटेलाईटच्या मागे आहात आणि त्याला गाठायचंय, तर तुम्ही काय कराल, इंजिन पेटवून वेग वाढवाल. वेग वाढवला की तुमची कक्षा उंच होते, उंच कक्षेत एक फेरी मारायला जास्त वेळ लागतो, आणि तुम्ही आणखी मागे पडता! गाठायचं असेल तर उलट ब्रेक मारायचा, खालच्या कक्षेत उतरायचं, तिथे फेरी लवकर होते, मग योग्य वेळी परत वर यायचं. १९६५ मध्ये जेमिनी-४ च्या जेम्स मॅकडिव्हिटला हे प्रत्यक्ष भोगावं लागलं, आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ तो नजरेच्या अंदाजानं जायला बघत होता आणि अंतर काही कमी होईना, बरंच इंधन जळालं आणि शेवटी नाद सोडून द्यावा लागला. तो कसलेला टेस्ट पायलट होता, तरी.

त्यामुळे सगळे टप्प्याटप्प्यानं जातात. आपल्या इस्रोची स्पेडेक्स मोहीम बघा, दोन सॅटेलाईट वर एकमेकांना जोडायची, म्हणजे डॉकिंगची. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्हीनं २२० किलोचे दोन सॅटेलाईट सोडले, एक पाठलाग करणारा आणि एक टार्गेट. मग ५ किलोमीटरवर थांबायचं, तपासायचं, मग दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर, ३ मीटर. प्रत्येक ठिकाणी थांबून सेन्सर खरं बोलतायत ना हे बघायचं. जानेवारीत तारखा पुढे गेल्या तेव्हा बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली, १२ तारखेला तर ३ मीटरपर्यंत जाऊन परत मागे घेतले तेव्हाही. मला वाटतं तेच सगळ्यात शहाणपणाचं होतं. २००५ मध्ये नासाचं डार्ट नावाचं यान आपल्या आपण दुसऱ्या सॅटेलाईटजवळ जायला निघालं, स्वतःची जागा मोजण्यात त्याची गडबड झाली, इंधन भराभर संपलं आणि ते त्या सॅटेलाईटला जाऊन आदळलं. घाईत काय होतं ते सगळ्यांनी बघितलेलं आहे. इस्रोनं १६ जानेवारी २०२५ ला दोन्ही सॅटेलाईट जोडले, भिडतानाचा वेग सेकंदाला फक्त १० मिलिमीटर, आणि डॉकिंग करणाऱ्या मोजक्या देशांत भारत आला. मार्चमध्ये ते सोडवले, एप्रिलमध्ये परत जोडले, आणि एकाची वीज वापरून दुसऱ्यातला हीटर चालवून दाखवला. हीटर म्हटलं की छोटं वाटतं, पण बंद पडलेल्या सॅटेलाईटला बाहेरून करंट देता येणं हे दुरुस्तीतलं पहिलं पाऊल आहे.

स्पेडेक्समध्ये दोघंही एकमेकांसाठीच बनवलेले होते, दोघांना जुळणाऱ्या रिंगा, दोघं एकमेकांशी बोलणारे. खरी कसोटी तेव्हा, जेव्हा समोरचा २० वर्षांपूर्वी बनलेला आहे आणि त्याला पकडायला हँडलच नाही. मग धरायचं कुठे? सोलर पॅनलला धरलं तर मोडेल, अँटेनाला धरलं तर वाकेल, अंगावर सगळीकडे ते सोनेरी चकचकीत इन्सुलेशनचं पातळ कापड गुंडाळलेलं. भक्कम अशा दोनच जागा सापडतात. एक, रॉकेटवर बसवताना ज्या रिंगवर सॅटेलाईट क्लॅम्प केलेला असतो ती रिंग, तिचे ठरावीक साईझ आहेत, ९३७ मिलिमीटर, ११९४ मिलिमीटर, १६६६ मिलिमीटर, आणि पूर्ण लाँचचा भार तिनं घेतलेला असतो म्हणजे मजबुतीचा प्रश्नच नाही. दुसरी जागा, मोठ्या इंजिनाचं नॉझल, म्हणजे जळलेला वायू बाहेर पडतो ते नरसाळ्यासारखं तोंड.

या दुसऱ्या जागेवरच २०२० मध्ये इतिहास घडला. इन्टेलसॅट कंपनीचा इन्टेलसॅट-९०१ हा २००१ चा कम्युनिकेशन सॅटेलाईट, तब्येत ठीक पण इंधन संपत आलेलं. नॉर्थ्रोप ग्रुमन या अमेरिकी कंपनीनं एमईव्ही-१ नावाचं यान बनवलं, ऑक्टोबर २०१९ मध्ये बैकानूरहून सोडलं. हे काम याआधी कुणीच केलं नव्हतं, चुकून काही फुटलं तर तुकडे बाकीच्यांच्या रस्त्यात नकोत म्हणून इन्टेलसॅट-९०१ ला आधी ३०० किलोमीटर वर ग्रेव्हयार्ड ऑर्बिटमध्ये नेलं आणि तिथे २५ फेब्रुवारी २०२० ला एमईव्ही-१ मागून हळूहळू त्याच्या जवळ गेलं. पुढे काढलेला एक लांब दांडा नॉझलमध्ये घातला, नॉझलचा सगळ्यात अरुंद भाग असतो ना, त्याच्या पलीकडे जाऊन दांड्याचं टोक फुलवलं, म्हणजे ते परत बाहेर येणार नाही, आणि मग दांडा मागे ओढून दोन्ही यानं एकमेकांना घट्ट आवळली. नॉझल बनवणाऱ्यानं या कामाचा कधी विचारही केला नसेल, पण बहुतेक मोठ्या कम्युनिकेशन सॅटेलाईटना तसं नॉझल असतंच, आणि ज्यानं कुणी हे पहिल्यांदा सुचवलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

इथे एक गैरसमज फार दिसतो, अगदी चांगल्या चांगल्या ठिकाणी लिहितात की एमईव्हीनं इंधन भरलं. नाही भरलं. एक थेंबही नाही. ते त्याच्या पाठीला चिकटून बसलं आणि दिशा आणि जागा सांभाळायचं काम स्वतःच्या इलेक्ट्रिक थ्रस्टरनं करायला लागलं, सॅटेलाईटनं फक्त सिग्नलचं काम बघायचं. एप्रिल २०२० मध्ये इन्टेलसॅट-९०१ परत सेवेत आला. पाच वर्षं काम झाल्यावर २०२५ मध्ये एमईव्ही-१ नं त्याला परत ग्रेव्हयार्डमध्ये नेऊन सोडलं, सुटं झालं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघालं. मधल्या काळात एप्रिल २०२१ मध्ये एमईव्ही-२ तर इन्टेलसॅट-१०-०२ ला त्याच्या नेहमीच्या कक्षेतच जाऊन चिकटलं, ग्रेव्हयार्डमध्ये वगैरे न नेता.

मग खरंच इंधन का नाही भरलं? कारण तिथे सगळ्यात अवघड काम सुरू होतं, हाताचं काम. सॅटेलाईटमध्ये इंधन जमिनीवर एकदाच भरतात, भरायच्या व्हॉल्व्हवर झाकण बसवतात, ते थरथरीत सुटू नये म्हणून बारीक तारेनं बांधतात, काही ठिकाणी एकावर एक झाकणं असतात, आणि वरून इन्सुलेशनचं कापड. आता रोबोटनं आधी ते कापड कापायचं, बाजूचं काही न फाडता. मग तार कापायची, तुकडा तरंगत जाऊन कुठे अडकणार नाही असा. मग झाकणं फिरवून काढायची, आणि ती कित्येक वर्षं निर्वात पोकळीत, एकदा कडक ऊन एकदा कडाक्याची थंडी अशी काढलेली, जॅम झालेली असू शकतात. आटे गेले तर? जमिनीवर आपण पक्कड लावू, नाहीतर हातोडीनं ठोकू, गरम करू. तिथे एकच चान्स. आणि झाकण काढल्यावर आत काय, तर हायड्राझिन नावाचं इंधन, विषारी, आणि २ अंशाच्या आसपास गोठणारं, म्हणजे नळी गरम ठेवायची, गळती होऊ द्यायची नाही आणि पंप कसा चालवायचा तेही बघायचं कारण वजनच नसल्यामुळे टाकीतलं इंधन खाली बसत नाही.

यात आणखी एक भानगड. जमिनीवर रोबोट बोल्टनं फ्लोअरला जखडलेला असतो, अंबडच्या कुठल्याही वेल्डिंग रोबोटला बघा. वर फ्लोअरच नाही. रोबोटनं हात डावीकडे नेला की त्याचं स्वतःचं यान उजवीकडे वळायला लागतं. बोल्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवला की यान उलट्या दिशेनं फिरू बघतं. आणि समोरच्याला किंचित जास्त जोरानं स्पर्श झाला तरी तो मागे सरकायला लागतो आणि सरकतच राहतो, थांबवणारं काही नाही. म्हणून हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर यानाच्या दिशेचा हिशोब सतत करावा लागतो, मनगटात जोर मोजणारे सेन्सर लागतात, आणि पकड बसेपर्यंत हात जरा सैल ठेवावा लागतो. डोळ्यांचाही त्रास, तिथे हवा नाही त्यामुळे प्रकाश पसरत नाही, उजेडात त्या सोनेरी कापडाची चमक कॅमेरा आंधळा करते आणि सावलीत मिट्ट काळोख. जमिनीवरून जॉयस्टिकनं करू म्हणाल तर सिग्नल ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, शिवाय मधल्या कॉम्प्युटरचा उशीर, आणि पाव सेकंदात पकड हुकते. म्हणून शेवटच्या काही मीटरचं काम यान स्वतःच करतं, खालची माणसं फक्त हो किंवा थांब म्हणतात.

नासानं हे सगळं शिकायला आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर एक खोक्याएवढं मॉडेल बसवलं, २०११ मध्ये शटलच्या अगदी शेवटच्या फेरीत ते गेलं. त्यावर खऱ्या सॅटेलाईटसारखे व्हॉल्व्ह, तारा, झाकणं. कॅनडाच्या डेक्स्टर रोबोटनं, जमिनीवरून हुकूम घेत, तार कापली, झाकणं काढली आणि जानेवारी २०१३ मध्ये इंधनाऐवजी इथेनॉल भरून दाखवलं. जमलं! त्यामुळे पुढचं मोठं पाऊल ठरलं, ओसॅम-१ नावाचं यान, जे लँडसॅट-७ या १९९९ च्या सॅटेलाईटला पकडून त्याच्यात खरं इंधन भरणार होतं. वर्षं वाढत गेली, खर्च दोन अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि मार्च २०२४ मध्ये नासानं ते रद्द केलं. तांत्रिक अडचणी, पैसा, उशीर ही कारणं होतीच, पण एक कारण त्यांनी असंही दिलं की तयारी नसलेल्या सॅटेलाईटमध्ये इंधन भरायच्या कल्पनेपासून हे सगळं क्षेत्रच आता दूर चाललंय. मला ते वाचून वाईट वाटलं, इतकी मेहनत होती त्यामागे. पण निष्कर्ष बरोबर आहे असं मला वाटतं.

कारण उलट बाजू बघा. जपाननं १९९७ मध्ये ईटीएस-७ सोडला, त्यात दोन सॅटेलाईट, हिकोबोशी आणि ओरिहिमे, म्हणजे आपले श्रवण आणि अभिजित हे तारे, जपानी गोष्टीत ते वर्षातून एकदाच भेटणारं जोडपं आहे, आणि त्यांनी पहिलं डॉकिंग केलं तेही बरोबर त्या भेटीच्या दिवशी, ७ जुलै १९९८ ला. आत माणूस नाही, रोबोटिक हात बसवलेला. २००७ मध्ये अमेरिकेच्या ऑर्बिटल एक्सप्रेसनं तर एका यानातून दुसऱ्यात खरं हायड्राझिन भरलं आणि रोबोटिक हातानं बॅटरी बदलून दाखवली. २००७ मध्ये! म्हणजे तंत्र बऱ्याच वर्षांपासून आहे, पण अट एकच, समोरचा सॅटेलाईट त्यासाठी बनवलेला हवा. सोलर मॅक्सच्या त्या दोन कामांचाच हा मोठा अवतार.

आणि इथेच ओझरचं ओव्हरहॉल आणि वरची दुरुस्ती यातला फरक कळतो. सुखोई उघडता येतं कारण ते उघडण्यासाठीच बनवलंय, जागोजागी पॅनल आहेत, कुठला बोल्ट किती टॉर्कनं आवळायचा याचं मॅन्युअल आहे, इंधन भरायचं तोंड ठरलेलं आहे. सॅटेलाईट बनवताना मात्र एकच विचार, एकदा बंद केलं की परत कुणी हात लावणार नाही, त्यामुळे वजन वाचव, झाकण घट्ट बांध आणि पाठव. रोबोटला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्याला कुलूप लावलेलं घर दिलंय.

बदल करायचे तर फार मोठे नाहीत. इंधन भरायच्या व्हॉल्व्हला रोबोटच्या हातात येईल असं तोंड द्यायचं. रिंगजवळ कॅमेऱ्याला अंतर आणि कोन कळेल अशी खुणेची पट्टी लावायची. लवकर बिघडणारे भाग, बॅटरी, घड्याळ, दिशा सांभाळणारी चाकं, बाहेरून काढता येतील अशा डब्यात ठेवायचे. वजन थोडं वाढतं, आणि सॅटेलाईट बनवणारे एकेक ग्रॅमसाठी भांडतात त्यामुळे विरोध होणारच. हे सगळं प्रत्येक सॅटेलाईटला हवं असंही नाही. खालच्या कक्षेतले इंटरनेटचे छोटे सॅटेलाईट पाचेक वर्षांत खाली आणून जाळायचेच असतात, तिथे रोबोट पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण ३६ हजारावरचा १५ वर्षं चालणारा जीसॅट, हवामानाचा इन्सॅट, आपल्या नाविक या नेव्हिगेशन यंत्रणेचे सॅटेलाईट, मोठ्या दुर्बिणी, यांना नक्की हवं.

इंधनाशिवाय कचऱ्याचंही काम याच हातांचं आहे. जपानच्या अ‍ॅस्ट्रोस्केलचं एड्रास-जे हे यान २०२४ मध्ये २००९ पासून भटकणाऱ्या एका रॉकेटच्या टप्प्याजवळ, तीनेक टनाचं ते, १५ मीटरपर्यंत जाऊन त्याचे फोटो काढून आलं. पकडणं अजून बाकी, पण ज्याला कंट्रोल नाही, जो बोलत नाही, त्याच्या इतकं जवळ जाणं हेच मोठं आहे.

आता एक काळजीची बाजू, ती लपवून चालणार नाही. जो हात दुरुस्तीला जातो तोच हात दुसऱ्या देशाचा चालू सॅटेलाईटही पकडू शकतो. २०२२ च्या जानेवारीत चीनच्या शिजियान-२१ नं आपलाच बंद पडलेला एक बायडू (चीनची नेव्हिगेशन यंत्रणा) सॅटेलाईट ओढून ग्रेव्हयार्डच्याही वर नेऊन सोडला. काम चांगलंच, कचरा हलवला, पण बघणाऱ्यांनी दुसराही अर्थ काढला आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. १९६७ च्या अवकाश करारानुसार सॅटेलाईट कितीही जुना, मेलेला असला तरी मालकी त्याच देशाची राहते, सापडला त्याचा असा नियम तिथे नाही. म्हणजे परवानगीशिवाय कुणाच्या कचऱ्यालाही हात लावता येत नाही, आणि दुरुस्ती करताना नुकसान झालं तर भरपाईचं १९७२ च्या कराराखाली बघावं लागतं, ज्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागतं. ३६ हजार किलोमीटरवर चूक सिद्ध करणार कशी, यावर वकिलांची पुढची काही वर्षं जाणार आहेत.

आपल्याकडे काय आहे? हात आहे. स्पेडेक्सच्याच रॉकेटचा शेवटचा टप्पा इस्रोनं खाली न पाडता वर प्रयोगशाळा म्हणून वापरला, पोएम-४, आणि त्यावर तिरुअनंतपुरमच्या इस्रो इनर्शियल सिस्टिम्स युनिटनं बनवलेला सात सांध्यांचा रोबोटिक हात होता, जो एका जागेवरून सुटून दुसऱ्या जागी स्वतःला जोडत अळीसारखा चालू शकतो. शेजारी कचरा पकडण्याचा सराव करणारा दुसरा हात. (त्याच पोएमवर चवळीच्या बिया रुजल्या आणि बातम्यांत सगळीकडे चवळीच आली, हाताकडे फार कुणी बघितलं नाही, मला तेव्हाही खटकलं होतं.) डॉकिंग झालं, वीज देऊन झाली, हात झाला. इंधन देणं बाकी आहे. आणि २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक उभं करायचं ठरलंय, त्याला हे सगळं लागणारच, कारण स्थानकात सामान आणि इंधन नेणारी यानं येत-जात राहणार.

पण स्थानकासाठी जे शिकू ते साध्या जीसॅट-इन्सॅटपर्यंत पोचायला पाहिजे असं मला कळकळीनं वाटतं. पुढचा जीसॅट बनेल तेव्हा त्याच्या व्हॉल्व्हवर तारेनं बांधलेलं झाकण बसवायचं की रोबोटच्या हातात येईल असं तोंड, हे ड्रॉइंग बोर्डवरच ठरतं, वर गेल्यावर नाही. इंधनाचा टँकर आज आपल्याकडे नाही म्हणून तोंड कशाला, असं कुणी म्हणेल. तो जीसॅट १५ वर्षं वर राहणार आहे, म्हणजे २०४० च्याही पुढे, आणि तोवर आपला नाही तर दुसऱ्या कुणाचा टँकर नक्कीच तिथे फिरत असेल.